दानूचं दळण

“मामा, खरं सांगा. तुम्ही दानूला चपाती दिली का?”

गिरणीचा पट्टा फटाफटा वाजत होता, म्हणून मी ओरडून विचारलं. सासऱ्यांशी ओरडून बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती. पण चालू गिरणीत हळू बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही, त्यामुळे माझी आयतीच सोय झाली. डबे रांगेत लावून कट्ट्यावर बसलेल्या बायकांच्या माना एकदम आमच्याकडे वळल्या.

मामांनी बटण दाबलं. पट्टा सैल पडत पडत थांबला. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. मंगळवेढ्यात सिद्राम म्हमाणे म्हटलं की लोक घर दाखवायच्या ऐवजी गिरण दाखवत. भुवया, मिशा, कानावरचे केस, सगळं कायम पिठानं पांढरं. त्यामुळे त्यांचे केस खरोखरचे पांढरे कधी झाले, ते घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही.

“काय म्हणलीस?”

“चपाती. दानूला. माझ्या माघारी.”

“न्हाई दिली.”

“बिस्कीट?”

“न्हाई.”

“कुणाच्या घरचा शिरा, शेवया, लाडू, प्रसाद?”

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि तोंड पुसलं. “डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते आधी सांग. मग माझ्या अंगावर ये.”

“त्या म्हणाल्या, पोरीच्या पोटात अजून गहू जातोय. अधूनमधून नाही, रोज जातोय. घरात कोण देतंय ते शोधा म्हणाल्या.”

कट्ट्यावरच्या गंगव्वा काकूंनी पदर तोंडाला लावला, पण आवाज काही दाबला नाही. “गव्हानं कुणाचं काय वाईट झालंय व्हय गं? आमच्या येळेला गहू दिसायला दिवाळी यावी लागायची.”

मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी मामांकडे बघत होते. ते खोटं बोलत नव्हते, हे मला दिसत होतं. आणि तेच जास्त वाईट होतं, कारण मग दुसरं कोण, हे मला सुचत नव्हतं.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. तेव्हा माझी दानेश्वरी, म्हणजे दानू, पहिलीत होती आणि बालवाडीतल्या पोरांपेक्षा बुटकी होती. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं पुढे आलेलं. दिवसातून कितीतरी वेळा परसाकडे पळायची, आणि त्या वासानं शेजारी दार लावून घेत. खायची भरपूर, पण खाल्लेलं जायचं कुठं ते कळायचं नाही. चिडचिडी झाली होती, दोन पावलं चालली की कडेवर घे म्हणायची. आमच्या घराच्या आणि गिरणीच्या मधे एक दार होतं, दोन्ही बाजूंनी काढता येईल अशा कडीचं. शेजारची तिच्याहून लहान पोरं टाचा उंच करून त्याची कडी काढत. दानू खाली उभी राहून हाक मारायची, “आज्जा, कडी काढ.” मग मामा हातातलं काम टाकून येत.

लोकांनी जंत सांगितले, दृष्ट सांगितली. जंताची औषधं झाली, दृष्ट काढून झाली, बेंबीत तेल घालून झालं. मामांनी आपल्या परीनं इलाज केला. रोज सकाळी तव्यावरची पहिली चपाती, तिच्यावर साजूक तूप, आणि स्वतःच्या हातानं घास. त्यांच्या लहानपणी त्यांच्या घरात गहू सणालाच यायचा. पोरवयात ज्वारीच्या भाकरीला कंटाळून त्यांनी शपथ घेतली होती म्हणे, की माझ्या घरात रोज चपाती होईल. त्यासाठीच त्यांनी गिरणीत दुसरा दगड बसवला होता, खास गव्हाचा. तो दगड इतका बारीक दळायचा की लग्नाच्या पुरणपोळ्यांचं दळण आसपासच्या गावांतून आमच्याकडे यायचं. असा माणूस नातीला चपाती भरवतो तेव्हा तिला तो आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट देत असतो. आणि तीच गोष्ट तिच्या आतड्याची माती करत होती.

हे आम्हाला सोलापूरच्या हत्तुरे मॅडमनी सांगितलं. त्या लहान मुलांच्या पोटाच्या डॉक्टर. त्यांनी रक्त तपासलं, मग दानूला झोपवून तोंडातून नळी घातली आणि आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासायला दिला. निकाल आल्यावर त्यांनी आम्हाला टेबलासमोर बसवलं आणि हात पुसायचा टॉवेल पुढे ठेवला.

“याच्यावर ही लव दिसते ना, तशी लव आपल्या लहान आतड्याला आतून असते. अन्नातला कस तीच शोषून घेते. काही मुलांच्या शरीराला गव्हातला चिकटपणा शत्रू वाटतो. गहू पोटात गेला की शरीर त्याच्याशी भांडायला उठतं, आणि त्या भांडणात ही लव झडून जाते.” त्यांनी टॉवेल उलटा करून त्याच्या घासून गुळगुळीत झालेल्या काठावर बोट फिरवलं. “दानूचं आतडं आतून असं झालंय. वरून कितीही तूप घाला, आत टिकणार कशाला?”

“औषध?” मी विचारलं.

“गहू बंद. हेच औषध. रवा, मैदा, शेवया, बिस्किटं, सगळं बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी चालेल. पण चिमूटभरसुद्धा गहू नको. ज्या लाटण्यानं चपाती लाटली, ते तिच्यासाठी नको. लव पुन्हा उगवते, पोर वाढायला लागते. नाही पाळलं तर मात्र…” दानू माझ्या मांडीवर बसली होती आणि तिच्या पाठीचे मणके माझ्या पोटाला टोचत होते.

मामांना हे पटायला वेळ लागला. “गव्हानं माणूस मरतंय असं म्या आजवर ऐकलं न्हाई,” असंच ते दिवसभर म्हणत राहिले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच दानूजवळ जाऊन बसले. “आजपास्नं तुझी चपाती बंद. पण तुझी भाकरी मी अशी दळतो बघ, की चपाती झक मारंल. तुझं दळण मी बघणार, दुसरं कुणी हात लावायचा न्हाई.” मला इतकं बरं वाटलं. सासरे बाजूनं असले की अर्धी लढाई संपते, असं माझं मत.

उरलेली अर्धी मी लढले. दानूचा तवा वेगळा, परात वेगळी, डबे वेगळे. शाळेत बाईंना भेटून आले. नवरा साखर कारखान्यात फिटर, आठवड्याला एकदा घरी यायचा. त्याला पिशवीतून बिस्किटांचे पुडे आणायची सवय होती, ती मोडली. किराणा दुकानात हिंगाची डबी उलटून तिच्यावरचं बारीक अक्षर वाचलं, तर खड्याला आकार यावा म्हणून हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ. हिंगही गेला. मी ज्याच्या मागे लागते त्याला सोडत नाही, असं माझी आई म्हणायची, आणि त्यात कौतुक कमी आणि वैताग जास्त असायचा. पण त्या दिवसांत माझ्या भाकरी मात्र मऊसूत व्हायच्या, कधी चिरायच्या नाहीत. मला वाटायचं, रोज थापून हात बसला.

आणि एवढं करून दानूचं वजन तसूभर वाढलं नाही. जुलाब तसेच, पोट तसंच. हत्तुरे मॅडमनी वजनकाट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि घरात गहू कोण देतंय, हा प्रश्न विचारला. एसटीत परत येताना दानू माझ्या खांद्यावर झोपून गेली होती. तिच्या अंगाला वजनच नव्हतं. मी खिडकीला डोकं टेकून एकेक नाव काढत होते आणि शेवटी एकच नाव उरलं.

म्हणून मी घरात पिशवी ठेवली आणि तशीच गिरणीत गेले. भर बायकांत विचारलं, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

“मी शोधणार मामा,” मी म्हटलं. “आणि नाही सापडलं तर दानूला घेऊन अकलूजला जाणार, माझ्या आईकडे. या घरात काहीतरी आहे. इथं माझी पोर जगायची नाही.”

मामांच्या हातातला पंचा तिथंच थांबला. “माझ्या नातीला घिऊन जाणार?”

“जगली तर तुमचीच आहे.”

त्यांनी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दानूला शाळेत सोडलं आणि पाट घेऊन मी गिरणीच्या कोपऱ्यात जाऊन बसले. दानूच्या तोंडात जे जातं, त्याचा सुरुवातीपासून पाठलाग करायचा, असं ठरवलं होतं. स्वयंपाकघर धुंडाळून झालं होतं. आता दाणे.

“पहारा व्हय?” मामांनी विचारलं.

“पहारा.”

“बस. मला बी बघू दे काय घावतंय.”

ते चिडले नव्हते. रात्रभर त्यांनाही झोप नव्हती, डोळ्यांवरून कळत होतं. गिऱ्हाईक येत राहिलं. डाव्या हाताची जुनी गिरण ज्वारी-बाजरीची, तिचा दगड जाडा. उजव्या हाताची गव्हाची. बाया डबे पुढे सरकवत, मामा न विचारता गहू उजवीकडे ओतत आणि ज्वारी डावीकडे. पिठाचा धूर खोलीभर उडत होता. माझ्या हाताच्या लवेवर पांढरा थर बसला, तो मी बघत होते आणि माझ्या डोक्यात काहीतरी वळवळत होतं, पण अजून हाताला लागत नव्हतं.

गर्दी ओसरली. मामांनी फळीवरचा झाकणाचा डबा काढला. त्याच्यावर मीच खडूनं ‘दानू’ लिहिलं होतं. आतली ज्वारी मी निवडून, धुऊन, वाळवून दिलेली. मामांनी ती हातात घेऊन फुंकली, एक खडा शोधून फेकला. मग फडकं घेतलं आणि उजव्या हाताच्या गिरणीचं तोंड पुसायला लागले.

“मामा.”

“आं?”

“ती गव्हाची आहे.”

“व्हय की.” ते पुसतच होते. “तुझं लक्ष नव्हतं का कधी? तिचं दळण मी पहिल्यापास्नं हितंच करतो. पलीकडचा दगड जाडा, भाकरी खरखरीत व्हती. लेकराचं आतडं सोललंय म्हणाल्या ना डॉक्टरीणबाई? मग त्याच्यावरनं खरखरीत जाऊन कसं चालंल? हिच्यातनं रेशमासारखं निघतंय.”

त्यांनी डबा उचलला. ओतणार, एवढ्यात मी उठून त्यांचा हात धरला. सुनेनं सासऱ्याचा हात धरणं आमच्यात होत नाही. त्यांनी आश्चर्यानं माझ्याकडे बघितलं.

“मामा, सकाळपासून या दगडातून काय गेलं?”

“गहू.”

“आणि तो सगळा बाहेर आला?”

त्यांच्या तोंडून लगेच ‘व्हय’ निघणार होतं. ते निघालं नाही. गिरण चालवणाऱ्या माणसाला काय सांगायचं? छिन्नीनं दगडाला टाकी लावताना खाचाखाचांतून किती पीठ खरवडून निघतं, ते त्यांनी जन्मभर बघितलेलं. त्यांनी डबा हळूच खाली ठेवला. उजव्या गिरणीच्या कापडी नळीला हातानं झटका दिला. गिरण बंद होती, तरी नळीतून पीठ भुरभुरत त्यांच्या तळव्यावर पडलं. पिवळसर, मऊ, गव्हाचं. ते त्या तळव्याकडे बघत राहिले.

“रोज,” ते म्हणाले. “रोज मीच.”

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. राग कुणाचा ते सांगता येत नाही. घरातला चोर शोधायला निघाले होते आणि सापडली ती माया. तिला शिक्षा तरी काय करणार?

तेवढ्यात मधल्या दारावर थाप पडली. शेजारच्या पोरांबरोबर दानू शाळेतून आली होती. “आज्जा, कडी काढ.”

मामा सवयीनं निघाले, दाराशी गेले, कडी काढली. दानूनं नेहमीसारखे दोन्ही हात वर केले, उचलून घे म्हणून. मामा एकदम मागे सरकले. पांढरे झालेले दोन्ही हात त्यांनी अंगापासून लांब धरले, आणि भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे गेले.

“नको. माझ्याजवळ येऊ नको बाय. मी पिठाचा हाय.”

दानूला काही कळेना. ती हात वर करून तशीच उभी राहिली आणि मग रडायला लागली. मी तिला उचलून आत नेलं. मागे वळून बघितलं, तर मामा तसेच भिंतीला टेकून उभे होते.

संध्याकाळी ते हौदावर डोक्यावरून पाणी घेऊन, धुतलेलं धोतर नेसून घरात आले. जेवायला बसले नाहीत. “अकलूजला जाऊ नको,” एवढंच म्हणाले.

मी मन घट्ट केलं. “मामा, नुसता तिचा डबा डावीकडे दळून भागणार नाही. खोलीभर गहू उडतोय. तो डावीकडच्या दगडात बसतोय, तुमच्या अंगावरून घरात येतोय.”

“कळतंय मला ते. दुपारपास्नं तेच कळतंय.” त्यांनी ओलं डोकं पंच्यानं पुसलं. “गव्हाची गिरण काढतो.”

मला वाटलं होतं, लढावं लागेल. मी शब्द जुळवून ठेवले होते, ते तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गिरण उघडलीच नाही. तो बारीक दगड त्यांनी स्वतः खोलून बाहेर काढला, गावात नाव काढलेला दगड. मग भिंती झाडल्या, छत झाडलं, जमीन पाण्यानं धुतली, सगळं तीनतीनदा. डावीकडचा जाडा दगड उघडला आणि दिवसभर टाकी मारत बसले. छिन्नीचा टकटक आवाज घरात येत होता. पुन्हा गिरण उघडली तेव्हा दारावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘गहू दळला जाणार नाही.’

गंगव्वा काकू डोक्यावर गव्हाचा डबा घेऊन आल्या, त्यांनी ते वाचून घेतलं आणि डबा खाली आपटला. “गहू नको तर गिरण कशाला ठिवलीस, सिद्राम? येडा झालास का म्हातारपणी?”

“ज्वारी आण काकू, दळून देतो. बाजरी आण. तांदूळ आण.”

“आन् गहू कुठं नेऊ?”

“पलीकडच्या आळीत. चांगला दळतोय तो,” मामा म्हणाले. आयुष्यभर ज्याचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, त्या गिरणवाल्याचा पत्ता ते स्वतःच्या तोंडानं सांगत होते. लग्नाची दळणं गेली, मग रोजची गेली. कट्ट्यावर पूर्वी जागा मिळायची नाही. आता दोघीतिघी बसलेल्या असायच्या. मामांनी त्याबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नाही, आणि आमच्या घरात चपातीही पुन्हा झाली नाही. मी त्यांच्यापुरती बाहेरून पीठ आणून वेगळ्या तव्यावर करू का म्हणून विचारलं होतं. “लहानपणी खाल्ली की भाकरी,” ते म्हणाले, “पुन्यांदा लहान झालो समज.”

नव्या टाकीच्या दगडातून निघालेलं पहिलं पीठ मी थापायला घेतलं तेव्हा भाकरी काठाला चिरली. माझा हात बसला नव्हताच तर. दानूनं घास तोंडात घातला आणि तोंड वाकडं केलं.

“आज्जा, खरखरीत हाय.”

“खा,” मामा म्हणाले. “ती तशीच असती.”

त्या काढलेल्या दगडाचं काय करायचं हा प्रश्न होता. घेणारं कुणी मिळेना. मग मामांनी तो घासून धुतला, उन्हात वाळवला आणि मधल्या दारासमोर पायरीसारखा जमिनीत बसवला. दानूला त्याच्यावर चढून कडी काढता यावी म्हणून. ती चढायची, टाचा उंच करायची, बोटं कडीला जेमतेम लागायची. “आली, आली,” म्हणत मामा गिरणीच्या बाजूनं दार ढकलून धरायचे, म्हणजे कडी सैल पडेल.

सगळं एका दिवसात बदललं नाही. आधी परसाकडे पळणं कमी झालं. मग एक दिवस तिनं रस्त्यात कडेवर घे म्हटलं नाही, ते मला घरी आल्यावर लक्षात आलं. मग पोट उतरलं आणि दंडाला मांस धरलं. हत्तुरे मॅडमनी वजनकाट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि या वेळी प्रश्न विचारला नाही. त्यांनी कोपऱ्यातला टॉवेल उचलून त्याची लव मला दाखवली आणि हसल्या.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मामा गिरणीत बाजरी दळत होते, मी भाकरी घेऊन तिथं आले होते. मधल्या दाराला घराच्या बाजूनं आवाज झाला आणि दार उघडलं. दानू उभी होती. पाय जमिनीवर. दगड तिच्या शेजारी, रिकामा.

मामांनी बटण दाबलं. पट्टा थांबला.

“दगडावर चढली न्हाईस?”

“न्हाई.”

“कडी तू काढलीस?”

“मग कोण काढणार?” दानू म्हणाली.

मामा पुढे आले. हात बाजरीच्या पिठानं माखलेले होते, आणि ते पीठ तिला चालत होतं. त्यांनी तिला उचललं नाही. तिला आत घेतलं, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि दार पुन्हा लोटलं.

“लाव कडी. पुन्यांदा काढ. मला बघू दे.”

तिनं लावली, आणि काढली. मामांनी डोळे पुसले, तशी पापण्यांवर बाजरी लागली.

“पुन्यांदा,” ते म्हणाले.